सिल्लोडची डबल बेल

माझं आणि माझ्या भावाचं लग्न एकाच दिवशी, एकाच मांडवात झालं. मला सोयगावला दिली आणि सोयगावची मुलगी आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी आली. तिचा भाऊ माझा नवरा आणि माझा भाऊ तिचा नवरा. आमच्याकडं याला साटंलोटं म्हणतात. हुंड्याची कटकट नाही, मानपान नाही, एका खर्चात दोन कार्यं उरकतात आणि दोन्ही बापांना निवांत झोप लागते, कारण आपली मुलगी त्यांच्याकडं तशी त्यांची मुलगी आपल्याकडं. मुलींना झोप लागते का, हे कोणी विचारत नाही.

माझा जन्म निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, तारखा कधी लक्षात राहायच्या नाहीत. त्यांच्या लेखी काळ दोनच, ॲक्शनच्या आधीचा आणि ॲक्शननंतरचा. औरंगपुऱ्यात त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. सोयगावचे एक शेतकरी तिथं सरकी घ्यायला यायचे. बोलता बोलता निघालं की त्यांच्या घरी एक मुलगा, एक मुलगी आणि आमच्याही घरी तसंच. पोती मोजून होईपर्यंत दोन लग्नं ठरली होती. तेच पुढं माझे सासरे झाले. मी त्यांना मामा म्हणायचे आणि सासूला आत्या.

साटंलोट्याचा नियम सोपा: तुमची सुखात तर आमची सुखात. दिवाळीला आत्यांनी मला चौकड्याची साडी घेतली की औरंगपुऱ्यात माझ्या भावजयीलाही चौकड्याचीच मिळायची. एकदा माझी आई भावजयीला भांड्यांवरून टाकून बोलली. ते सोयगावला कळलं आणि आठवड्याच्या आत आत्या मलाही भांड्यांवरूनच टाकून बोलल्या. मनात काही नसताना, नुसती फिटंफाट म्हणून. बोलून झाल्यावर त्यांनीच मला चहा करून दिला.

भावजय माझी नणंदही होती आणि मी तिची. त्यामुळं आम्ही दोघीही एकमेकींना वन्संच म्हणायचो. ती माझ्याहून वर्षभरानं लहान, अंगानं काटकुळी, मॅट्रिक झालेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं. लग्नाच्या बैठकीत मामांनी अण्णांना तसं विचारलंही होतं. अण्णा म्हणाले होते, "शिकू द्या की, आमचं काय जातं?" बैठकीत असली वाक्यं सगळेच बोलतात. पुढं ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

माझा नवरा एसटीत कंडक्टर. सोयगाव ते औरंगाबाद ही त्यांची गाडी. सकाळी निघायची, दुपारी औरंगाबाद आणि संध्याकाळी परत सोयगाव. लग्नाआधी मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. त्यांच्या प्रेमात मी पडले ती कानांनी. जेवताना ते दिवसभराची गाडी सांगायचे. कोण बोकड घेऊन चढला आणि त्याचं तिकीट द्यायला नाही म्हणाला, अजिंठ्याच्या घाटात कोणत्या म्हातारीनं देवाचं नाव घेत शेजारच्याची मांडी कशी धरून ठेवली. सांगताना स्वतः हसायचे नाहीत, आणि मी हसले की ताटाकडं बघायचे. मी दिवसभर त्या ताटाची वाट बघायचे. मला ते फार आवडायला लागले होते, आणि त्या काळी नवरा आवडतो हे सांगायला कोणी नसायचं.

आणखी एक, ते वेळेचे पक्के. गाडी वेळेआधी सोडणार नाहीत आणि वेळेनंतर थांबवणार नाहीत. आत्या अभिमानानं सांगायच्या की गाव त्यांच्या गाडीवर घड्याळ लावतं. गावात घड्याळं किती होती ते सोडा.

लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर वन्संना औरंगाबादलाच मास्तरकीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. माझ्या भावाला विचारून तिनं अर्ज केला होता, तो हो म्हणाला होता. आईला कळलं तसं तिनं घर डोक्यावर घेतलं.

"सून पुस्तकं घेऊन मिरवंल आन म्या चुलीपुढं बसू व्हय?"

अण्णा दुकानात निघून गेले. दादा, म्हणजे माझा भाऊ, भाकरी मोडत खाली मान घालून बसला. वन्संनी त्याच्याकडं बघितलं आणि तो काही बोलेना हे पाहून पिशवी भरली. आईच्या बोलण्यानं ती गेली नाही, दादाच्या गप्प बसण्यानं गेली, असं तिनंच मला नंतर सांगितलं. स्टँडावर जाऊन ती सोयगावच्या गाडीत बसली. म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्या, माझ्या नवऱ्याच्या गाडीत. त्यांनी तिचं तिकीट फाडलं आणि तिला घरी आणलं. आणताना आपण बरोबर काय आणतोय, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाले, "उद्याच्या गाडीनं ही जाईल."

ही म्हणजे मी.

"बाबा, तिचा काय कसूर?" नवरा म्हणाले.

"कसूर कोणाचाच नाय. पर आपली पोर माघारी आली आन त्यांची आपल्या घरात नांदायली, असं कुठं असतंय? लोक थुंकतील."

वन्सं दारातूनच म्हणाली, "वन्संला नका धाडू. म्याच जाते माघारी."

"आता ते न्यायला आल्याबिगर तू उंबरा वलांडायचा नाय," मामा म्हणाले.

मामांचा माझ्यावर काडीचा राग नव्हता. सकाळी त्यांनी स्वतः माझ्या पिशवीत शेंगा भरल्या. त्यांच्या दृष्टीनं तो न्याय होता आणि न्याय करताना त्यांना वाईट वाटत होतं, इतकंच. ज्या गाडीनं ती आली त्याच गाडीनं मी निघाले. नवऱ्यानं माझंही तिकीट फाडलं. गाडीत निम्मं सोयगाव बसलेलं, त्यामुळं ते माझ्याशी बोलले नाहीत. सिल्लोडला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून चहाचा ग्लास आत आला. ग्लास धरलेला हात खाकी बाहीतला होता. मी सिल्लोडपासून औरंगाबादपर्यंत पदर तोंडाशी धरून रडले आणि शेजारची बाई मला गाडी लागते म्हणून लिंबू देत राहिली.

आईला आधी मजाच वाटली. "ऱ्हा निवांत. बघू कुणाचं नाक आधी खाली येतंय." सोयगावलाही हेच चाललं असणार. मध्यस्थ आले, चहा पिऊन गेले. आधी त्यांनी पाठवावी, मग आम्ही पाठवू, असं दोन्हीकडून ठरलेलं. रोज नवऱ्याची गाडी सोयगावहून यायची आणि परत जायची, पण सुनांना तिच्यात जागा नव्हती.

घरात बसून मला वेड लागेल म्हणून मी गुलमंडीवर शिवणक्लास लावला. क्लासला जाताना पाय आपोआप स्टँडाकडं वळायला लागले. गाडी दुपारी यायची, परत निघेपर्यंत बराच वेळ असायचा. पहिल्या दिवशी नवऱ्यानं मला बघितलं आणि डबा तसाच पिशवीत घातला. आम्ही पाणचक्कीला जाऊन हौदाच्या कडेला बसलो. मधे हातभर अंतर ठेवून. तरी तिथला रखवालदार आलाच.

"ये शरीफ लोगां की जगह है."

"बायको आहे माझी," नवरा म्हणाले. अंगात खाकी, कानाच्या पाळ्या लाल.

"सब यहीच बोलते," रखवालदार म्हणाला आणि आम्ही उठेपर्यंत हलला नाही.

मला इतका राग आला की मंगळसूत्र काढून त्याच्यापुढं नाचवावंसं वाटलं. देवाब्राह्मणांसमोर, पाचशे माणसं जेवू घालून झालेलं लग्न आणि आम्ही चोरासारखे उठून चाललो होतो. नवऱ्यानं ही गोष्ट गाडीच्या ड्रायव्हरना सांगितली. ते छावणीत राहणारे, वयानं मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचा आधी पोट धरून हसले आणि मग चिडले.

"अपनीच जोरू कू मिलने पाणचक्की कायकू जाता? मेरा घर क्या मर गया?"

तेव्हापासून आम्ही छावणीत चाचांच्या घरी भेटायला लागलो. चाची चहा द्यायच्या आणि शेजारणीकडं मिरची कांडायला म्हणून जायच्या. त्या घराला एवढी मिरची आयुष्यात लागली नसेल. नवरा तिथंही मला गाडीतल्या गोष्टी सांगायचे, पण आता मधेच थांबायचे. एकदा म्हणाले, "घरी जेवायला बसतो तर कोणाला सांगावं कळत नाय." वन्सं कशा आहेत, विचारलं की तिकिटांची पेटी उघडझाप करायचे. ती घरात नीट जेवत नव्हती. मी गेले ते आपल्यामुळं, हे तिला एक मिनिट विसरता येत नव्हतं.

आई अधूनमधून विचारायची, "इतकं दिवस क्लासला जायलीस, एक झंपर शिवून हुईना व्हय?" बाही अवघड असते, असं मी सांगायचे.

संक्रांत झाली आणि मला कांद्याच्या फोडणीचा वास सहन होईना. आई चार पोरं बाळंत झालेली बाई, दोन जगलेली. तिनं दार लावून घेतलं. तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी बघितला नव्हता.

"कोणाचं गं?"

"तुझ्या जावयाचं."

तिनं आधी मुस्काटात मारली आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "ॲक्शनच्या वक्ताला बी एवढं भ्या वाटलं नव्हतं," म्हणाले. त्यांची भीती खरी होती. सासरहून परत पाठवलेली पोर, महिनोन्‌महिने माहेरी, आणि पोटुशी. सोयगावनं हात वर केले असते तर मला आणि पोटातल्याला कोण दारात उभं करणार होतं? नवरा माझ्यावर जीव टाकतात हे मला माहीत होतं. पण बापासमोर त्यांचा आवाज निघत नाही, हेही माहीत होतं. आणि मूल आपलं म्हणायचं म्हणजे त्यांना घरी माघारी आलेल्या बहिणीदेखत सांगावं लागणार, की ती उपाशी बसली होती तेव्हा मी बायकोला भेटत होतो.

दुसऱ्या दिवशी स्टँडावर जाऊन मीच त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त दोनदा विचारलं की जेवलीस का. त्या संध्याकाळी सोयगावला ते खाकी न काढताच मामांसमोर उभे राहिले. ही हकिकत मला वन्संनीच पुढं सांगितली.

"बाबा, ते माझं हाय. म्या भेटत व्हतो तिला. चोरून न्हाय, चाचाच्या घरी. काय म्हणायचं ते मला म्हणा."

मामा त्यांच्याशी त्यानंतर कितीतरी दिवस बोलले नाहीत. आत्यांनी मात्र एवढंच विचारलं, "तिची आई तिला खायाला काय घालायलीय?"

आता दोन्ही मुलींनी आपापल्या घरी जायचं ठरलं. पण आधी कोण पाठवणार? नाक अजून वरच होतं. शेवटी कोणीतरी तोडगा काढला की सिल्लोड मधे पडतं, तिथल्या स्टँडावर अदलाबदल करू. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. बाजारात बैल बदलतात तसं. हे ठरवताना दोघींपैकी एकीलाही कोणी विचारलं नाही.

ठरल्या दिवशी अण्णा, आई, दादा आणि मी नवऱ्याच्याच गाडीनं सिल्लोडला उतरलो. माझी ट्रंक टपावर तशीच ठेवली, कारण मला त्याच गाडीनं पुढं जायचं होतं. मामा, आत्या आणि वन्सं आधीच येऊन बाकावर बसलेले. मोठी माणसं एकमेकांना रामराम करून पाऊसपाण्याचं बोलायला लागली. मी वन्संशेजारी बसले. ती फार वाळली होती.

"कॉलेजचं काय?" मी विचारलं.

"पुढल्या साली बघू म्हणत्यात. पुढलं साल कधी येतंय व्हय?"

"मग जायलात कशाला?"

तिनं माझ्या पोटाकडं बघितलं. "म्या नाय म्हणलं तर तुमाला गाडीत कोण चढू देईल, वन्सं? म्या काय दगड हाय व्हय?"

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. पिशवीचा बंद नीट करत बोलली. माझ्या डोक्यात मात्र सणक गेली. इतके दिवस मी फक्त माझ्या जेवणाच्या ताटाचा विचार करत होते. माझ्या सुखासाठी हिला त्या चुलीपुढं बसायचं होतं, तेही कायमचं, कारण एकदा मूल झालं की मला परत कोण पाठवणार आणि हिचं ऐकायला कोणाला काय कारण उरणार होतं? साटंलोट्यात तिच्या हातात जे काही होतं ते मीच होते.

नवरा गाडीच्या दाराशी उभे होते. मी उठून गाडीपाशी गेले, दाराचा दांडा धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वन्संचं कॉलेज याच साली होणार असेल तर मी चढते. नाहीतर तुमचीच रीत आहे. तिची सुखात नाही तर मीही नाही."

आई म्हणाली, "येड लागलं का हिला?" मामा उठून उभे राहिले. अण्णा इकडंतिकडं बघू लागले, कारण स्टँडावर शेंगदाणे खात बसलेली माणसं आता खायची थांबली होती. मी बोलून तर गेले, पण माझा हात दांड्यावरून निघेना. आत माझी जागा धरलेली होती, टपावर माझी ट्रंक होती, तीन तासांवर माझं घर होतं. मी चढत नव्हते आणि सोडतही नव्हते.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्यांनी थांबावं, काहीतरी बोलावं, म्हणून मी त्यांच्याकडंच बघत होते. ते पुढं जाऊन चाचांशी काहीतरी बोलले, परत आले, माझी बोटं दांड्यावरून सोडवली, वर चढले आणि डबल बेल दिली. गाडी निघून गेली. माझी ट्रंकही गेली.

मी वन्संशेजारी जाऊन बसले. तिनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी तिथंच बसलो, एकही सून कोणाच्या घरी न जाता. आता ही नुसती रुसायची धमकी उरली नव्हती. गाडी खरंच गेली होती.

मामांनी अण्णांना विचारलं, "बैठकीत म्या इचारलं व्हतं का नव्हतं?"

अण्णा म्हणाले, "आता एवढं कोणाच्या ध्यानात असतंय?"

तेव्हा दादा बोलला. वर्षभरात पहिल्यांदा. "तुमी शब्द दिलता, अण्णा. म्या व्हतो तिथं." मग घसा साफ करून म्हणाला, "म्या सायकलवर सोडत जाईन तिला कॉलेजात."

"आन भाकऱ्या कोण बडवंल?" आई म्हणाली.

"म्या बडवतो."

स्टँडावरचे लोक हसले आणि त्या हसण्यात आई हरली. भाकरी दादानं आजतागायत बडवली नाही, पण सायकलवर सोडलं, हे मान्य केलं पाहिजे. वन्सं मास्तरीण झाली. पुढं छावणीतल्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. दादाला तिनं माफ केलं का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माफ कशाला करायचं? सिल्लोडला बोलला की." एवढ्यावर तिनं संसार केला.

मी मामा-आत्यांबरोबर शेवटच्या गाडीनं सोयगावला पोचले. नवरा स्टँडावर माझ्या ट्रंकेवर बसून होते.

"जरा थांबता नाही आलं?" मी विचारलं.

"टायम झाला व्हता," म्हणाले आणि ट्रंक खांद्यावर घेतली.

ते मला लागलं. घरी सगळं ठीक झालं, जेवणाची ताटं पुन्हा सुरू झाली, मी पुन्हा हसायला लागले, पण ती डबल बेल डोक्यातून जाईना. बापासमोर माझ्यासाठी उभा राहिलेला माणूस माझ्यासाठी गाडी दोन मिनिटं उभी ठेवू शकत नाही? बाळंतपण होऊन मुलगी झाली तरी ते मनात खुपत होतं.

मुलगी चार महिन्यांची झाल्यावर आम्ही तिला दाखवायला छावणीत चाचांकडं गेलो. चाचीनं तिला मांडीवर घेतलं. सिल्लोडचा विषय निघाला तसं मी हसत हसत म्हणाले, "यांना काय, बायको राहिली तरी चालेल, टाइम चुकायला नको."

चाचा बशी खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागले.

"टाइम? कैसा टाइम, बेटी? मेरी चाय बी नहीं हुई थी. गाडी निकलने कू लई वक्त था. ये आके बोला, चाचा, निकालो. मैं बोला, अरे, तेरी औरत नीचे खड़ी है. तो बोला, इसीलिए. गाडी खड़ी रही तो वो चढ़ जाएगी, और मेरी बहन का कुछ नहीं होगा."

नवरा मुलीच्या तोंडावरची माशी हाकलत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी त्यांना काही विचारलं नाही, कारण ते खरं होतं. गाडी आणखी थोडी उभी राहिली असती तर मी चढले असते. त्यांनी माझी बोटं सोडवली तेव्हा ती किती घट्ट होती, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?